जकार्ताची चंद्रभागा

जकार्तातल्या मराठी घरांत शुक्रवारी रात्री एक प्रश्न हमखास निघतो: "उद्या कुठे जायचं?" मॉलचा कंटाळा आलेला असतो, भारतातून पाहुणे आलेले असतात, मुलांना मोकळी हवा हवी असते. उत्तरही ठरलेलं असतं. बोगोर, आणि वेळ उरला तर पुढे पुंचाक. पहाटे निघायचं, वनस्पती उद्यान बघायचं, चहाच्या मळ्यात फोटो काढायचे, भाजलेलं कणीस खायचं आणि परतताना वाहतुकीत अडकून "पुन्हा इकडे येणे नाही" अशी शपथ घ्यायची. महिन्याभरात पुन्हा निघायचं!

मी व्यवसायाने आयटी सल्लागार. परदेशात मास्टर्स करून सहा महिन्यांच्या एका प्रकल्पासाठी इथे आलो, त्याला आता बारा वर्षं झाली. इतिहास हा माझा छंद, पेशा नव्हे. पण पाहुण्यांना तीच ती ठिकाणं दाखवताना त्यांच्याबद्दल वाचत गेलो आणि एक गोष्ट लक्षात आली. ज्या वाटेने आपण डोंगरात जातो, जवळजवळ त्याच वाटेने डोंगरातलं पाणी जकार्तात येतं. या शहराचा दीड हजार वर्षांचा इतिहास बऱ्याच अंशी त्या पाण्याशी चाललेल्या देवाणघेवाणीचा आहे.

म्हणून माझी सहल आता शहरातच सुरू होते, राष्ट्रीय संग्रहालयात. दारात सयामच्या राजाने १८७१ मध्ये भेट दिलेला हत्ती आहे, त्यामुळे इथले लोक याला 'म्युझियम गजा' म्हणतात. हा गज आपलाच. आत तुगूचा शिलालेख आहे. उत्तर जकार्तातल्या तुगू भागात सापडलेला, अंड्यासारखा गोलसर दगड. त्याभोवती संस्कृतात, पल्लव लिपीत कोरलेल्या पाच ओळी. काळ इसवी सनाचं पाचवं शतक, राजा तारुमानगरचा पूर्णवर्मन. मजकूर असा की पूर्वी एका थोर राजाने चंद्रभागा नावाचा प्रवाह खणून समुद्राला नेला होता. आता पूर्णवर्मनने आपल्या राज्याच्या बाविसाव्या वर्षी गोमती खणली. लांबी ६१२२ धनुष्यं, म्हणजे सुमारे ११ किलोमीटर. काम फाल्गुन वद्य अष्टमीला सुरू झालं, चैत्र शुद्ध त्रयोदशीला संपलं, एकवीस दिवस लागले. नंतर ब्राह्मणांना हजार गाई दान दिल्या.

आई पुण्याहून आली होती, तेव्हा तिला हे वाचून दाखवलं. तिने तिथेच उभ्याने बोटांच्या पेरांवर हिशेब केला. वद्य अष्टमी ते अमावास्या आठ, शुद्ध त्रयोदशीपर्यंत तेरा. "एकवीस. बरोबर आहे रे, आपल्याच पंचांगाप्रमाणे!" घरी आल्यावर मी पडताळून पाहिलं. उत्तर भारतात महिना पौर्णिमेला संपतो. त्या पद्धतीने मोजलं तर एक्कावन्न तिथी होतात. महिना अमावास्येला संपवणाऱ्या आपल्या आणि दक्षिणेच्या पद्धतीनेच एकवीस येतात. म्हणजे गुढीपाडवा त्या खणकामाच्या मधोमध आला होता.

चंद्रभागा म्हटलं की आपल्याला पंढरपूर आठवणार. पण ज्या नद्यांवरून ही नावं ठेवली, त्या बहुधा उत्तरेच्या: पंजाबातली चंद्रभागा, म्हणजे आजची चिनाब, आणि गंगेला मिळणारी गोमती. जावातली ही चंद्रभागा कुठे गेली? पुर्बाचारका या जावानी पंडिताने मांडलेलं मत मोठं गमतीचं आहे. चंद्र म्हणजे शशी. चंद्रभागेची झाली शशीभागा, ती उलटून भागाशशी, आणि तिचं झालं बेकासी. आपल्यापैकी कित्येकांची घरं आणि ऑफिसं असलेलं, पूर्वेकडचं तेच बेकासी!

हे कालवे पूर आणि शेती, दोन्हींसाठी असावेत असं अभ्यासक मानतात. किनाऱ्याची जमीन सपाट, आणि पाठीमागे तीन हजार मीटरचे डोंगर. दुसरं काय करणार? बोगोरच्या वायव्येला चिआरुतेऊन नदीच्या पात्रात याच राजाचा आणखी एक दगड १८६३ मध्ये उजेडात आला. त्यावर त्याच्या पावलांचे ठसे आहेत आणि ती पावलं विष्णूच्या पावलांसारखी असल्याचं खाली कोरलं आहे. १९८१ मध्ये तो नदीतून वर काढून ठेवला. सुंदानी भाषेत 'चि' म्हणजे पाणी. चिलिवुंग, चिसारुआ, चिबोदास... या सहलीतल्या नावांकडे लक्ष दिलंत तर सगळीकडे पाणीच आहे.

डच आले आणि १६१९ मध्ये त्यांनी इथे बटाविया वसवलं. हॉलंडसारखे कालवे काढले. पण या उकाड्यात ते कालवे साचले, आणि १७३३ नंतर तर तापाच्या साथींनी इतकी माणसं मेली की शहराचं नाव त्यासाठीच बदनाम झालं. ज्यांना परवडत होतं ते दक्षिणेकडे, उंचावर सरकू लागले. १७४५ मध्ये गव्हर्नर जनरल फान इमहोफने आजच्या बोगोरला घर बांधलं, नाव ठेवलं बायटेनझोर्ग, म्हणजे चिंतेच्या पलीकडे. शनिवारी आपण ज्या कारणासाठी निघतो, अगदी त्याचसाठी.

पुढचा रस्ता मात्र चिंतेच्या पलीकडला नव्हता. १८०८ मध्ये आलेल्या डान्डेल्सने जावाच्या पश्चिम टोकापासून पूर्वेकडे सुमारे हजार किलोमीटरचा टपाल रस्ता करवून घेतला. तो बोगोरहून मेगामेन्दुंगच्या डोंगरावरून पुंचाकची खिंड ओलांडून जातो. मेगामेन्दुंगमधला 'मेघ' ओळखीचा वाटतो ना? त्या ढगांत वेठबिगारीने राबलेली हजारो माणसं मेली. आपण ज्या वळणावर कणीस घ्यायला थांबतो, ते वळण त्यांनी कापलेलं आहे. १८७३ मध्ये बटाविया ते बायटेनझोर्ग आगगाडी सुरू झाली, आपल्या बोरीबंदर-ठाणे गाडीनंतर वीस वर्षांनी. १९७८ मध्ये जागोरावी हा देशातला पहिला टोल रस्ता झाला, आणि श्रीमंतांची सहल सर्वांची झाली.

बोगोरचं उद्यान १८ मे १८१७ रोजी राइनवार्ट या वनस्पतिशास्त्रज्ञाने स्थापलं. आज ते ८७ हेक्टर आहे आणि चिलिवुंग नदी त्यातून वाहते. १८४८ मध्ये इथे आफ्रिकी तेलताडाची चार रोपं लावली. आग्नेय आशियातल्या अफाट पामतेलाच्या मळ्यांचं मूळ बरंचसं त्या चार झाडांपर्यंत जातं. आपल्या कढईतल्या तेलाचे पूर्वज! वरच्या चिबोदास उद्यानात १८५४ च्या सुमारास कोयनेलचं सिंकोना लावलं, १८७० च्या दशकात आसामचा चहा जावात आला. डोंगर नुसता थंड राहिला नाही, कमावता झाला. जंगल उतरलं, चहा चढला.

आता एक जागा सांगतो, जी कुठल्याही टूरवाल्याच्या यादीत नसते. बोगोर शहरातच, चिलिवुंगवर कातुलाम्पा नावाचा बंधारा आहे, १९११-१२ च्या सुमाराचा. बांधला शेतीच्या पाण्यासाठी, पण आज तो जकार्ताचा पहारेकरी आहे. भिंतीवर पाण्याची पातळी मोजायची पट्टी आहे. पाणी ८० सेंटिमीटरच्या आत असेल तर सगळं ठीक. २०० च्या वर गेलं की सर्वांत वरचा इशारा. तिथून पाणी मांगाराईच्या दरवाजापर्यंत यायला साधारण नऊ ते बारा तास लागतात. जकार्तात आभाळ निरभ्र असतानाही नदीकाठचे लोक सामान माळ्यावर चढवू लागतात ते याच पट्टीमुळे. अशा पुराला इथे 'बान्जिर किरिमान' म्हणतात, म्हणजे पाठवलेला पूर. मी तिथल्या राखणदाराला विचारलं की रात्री झोप लागते का? तो हसून म्हणाला, "पावसाळ्यात नाही, पाक."

पाठवला कुणी, हा खरा प्रश्न. चहाच्या मळ्यात पाणी जंगलाइतकं मुरत नाही, आणि व्हिलाच्या छपरावर, पार्किंगच्या काँक्रीटवर तर मुळीच मुरत नाही. हे सरकारला ठाऊक नव्हतं असंही नाही. पुंचाकच्या बांधकामांना आवर घालण्यासाठी १९८३ मध्येच राष्ट्राध्यक्षांचा आदेश निघाला होता, १९९९ मध्ये आणखी एक निघाला. व्हिला वाढतच गेल्या. २००७, २०१३ आणि २०२० चे पूर जुन्या मंडळींना आठवत असतील. १ जानेवारी २०२० ला हलीम विमानतळावर एका दिवसात ३७७ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला आणि साठाहून अधिक माणसं दगावली. डिसेंबर २०२२ मध्ये बोगोरच्या वर चिआवी आणि सुकामाही अशी दोन कोरडी धरणं सुरू झाली. ती एरवी रिकामी असतात, पुराचं पाणी तेवढं अडवून हळूहळू सोडतात. तरी मार्च २०२५ च्या सुरुवातीला डोंगरात पाऊस कोसळला आणि बेकासी बुडालं. आपली ती चंद्रभागाच चढली म्हणायची. त्यानंतर पुंचाकमधलं एक मनोरंजन उद्यान पाडायला घेतलं गेलं.

राजधानी कालीमंतानला हलवायचा कायदा २०२२ मध्ये झाला. पण राजधानी हलली तरी चिलिवुंग हलत नाही, आणि आपण बहुतेकजण इथेच राहणार आहोत.

मग आपण काय करायचं? परदेशी माणसाला इथे जमिनीची पूर्ण मालकी मिळत नाही, तेव्हा व्हिला बांधल्याचा दोष आपल्यावर येत नाही. पण त्या भाड्याने कोण घेतं? वाढदिवस, ऑफिसची बैठक, मंडळाची सहल, सगळ्यांसाठी आपल्याला तलाव असलेली, उतारावरची, धुक्यातली व्हिला हवी असते. मागणी आहे म्हणून उतार कापला जातो. माझी मंडळाला एक विनंती आहे. येत्या वर्षीची सहल चिबोदासच्या उद्यानात करावी. ते १८५२ पासून आहे आणि त्याच्या पाठीशी गेदे-पांग्रांगो राष्ट्रीय उद्यानाचं राखलेलं जंगल आहे. नशीब असेल तर रुपेरी गिबनांची हाक कानावर पडते. मुक्काम हवाच असेल तर बोगोर शहरात करावा.

आणि जाताना अर्धा तास कातुलाम्पाला थांबावं. मुलांना ती पट्टी दाखवावी, आकडा वाचायला सांगावं, घड्याळ लावावं आणि संध्याकाळी घरी पोचल्यावर विचारावं की सकाळी पाहिलेलं ते पाणी आता कुठे असेल.