तोफेतून उडालेले चुरमुरे

फाटकावर पन्नास सेंट मोजा आणि आत शिरा. साल १९०४, महिना जुलै, शहर अमेरिकेतलं सेंट लुईस. फॉरेस्ट पार्कात सुमारे १,२०० एकरांवर जागतिक प्रदर्शन भरलंय. अमेरिकेने लुइझियानाचा अवाढव्य मुलूख फ्रान्सकडून विकत घेतला, त्याच्या शंभरीचा हा सोहळा, तोही वर्षभर उशिरा. कागदोपत्री प्रदर्शन यंत्रांचं, शेतीचं, कलेचं. प्रत्यक्षात जो तो काहीतरी चघळत फिरतोय, आणि तुम्हीही खायलाच आला आहात.

उकाडा असा, की कोटाच्या आत सदरा पाठीला चिकटलाय. कपडे काळाला साजेसे आहेत, तरी तुमच्या सावळ्या रंगाकडे नजरा वळतातच. उपाहारगृहात शिरण्याआधी जरा थांबा. इथे बऱ्याच ठिकाणी कृष्णवर्णीयांना वाढत नाहीत. याच महिन्यात कृष्णवर्णीय स्त्रियांच्या राष्ट्रीय संघटनेने भेदभावाच्या निषेधार्थ आपली बैठक आवाराबाहेर नेली. तुम्हाला कुठल्या रांगेत धरतील, याचा भरवसा नाही. हातात धरून खाण्याजोगं काही बघितलेलं बरं.

शेतीच्या दालनात अध्यक्ष रूझवेल्ट उभे केलेत, चक्क लोण्याचे. ते बघून पुढे निघता तोच धडाम्‌ असा आवाज होतो. ब्राँझच्या तोफा! बायका कानांवर हात ठेवतात, पोरं पुढे धावतात. तोफेच्या तोंडासमोर जाळीचा मोठा पिंजरा आहे आणि त्यात पांढरा पाऊस पडतोय. एक दाणा उचलून बघा. हलका, फुगलेला, दोन बोटांत धरताच चुरणारा. तुम्ही हसता. चुरमुरेच की हे!

करामत अलेक्झांडर अँडरसन या वनस्पतिशास्त्रज्ञाची आणि क्वेकर ओट्स कंपनीची. तांदूळ बंद नळीत तापवायचे, दाब वाढू द्यायचा आणि एकदम तोंड उघडायचं. दाण्यातल्या ओलाव्याची क्षणात वाफ होते आणि दाणा फुलतो. आपल्याकडे भडभुंज्याच्या कढईतली तापलेली वाळू हेच काम गाजावाजा न करता करते. पाच सेंटची पुडी घ्या. कांदा-लिंबाची आठवण येईल, पण इथे हा नुसता खाऊ म्हणून खातात. आजूबाजूच्यांना मात्र ही जगातली नवलाई वाटतेय, आणि त्यांना खरं सांगायला तुमच्याकडे ना स्टॉल, ना तोफ.

घसा कोरडा पडला असेल तर चहाच्या मंडपाकडे वळा. भारतीय चहाचा प्रचार करायला आलेले रिचर्ड ब्लेचिंडन या उकाड्यात गरम चहा कुणी घेईना म्हणून तो बर्फावर ओततात, असं पुढे सगळे सांगत राहतील. म्हणे इथेच थंड चहा जन्मला! अमेरिकेतल्या पाककृतींच्या पुस्तकांत तो कितीतरी आधी छापून आलाय. पण पेला हातात घेतलेल्या माणसाला पुस्तक आठवत नाही.

आइस्क्रीमच्या कोनाचंही तेच. सीरियाहून आलेला अर्नेस्ट हमवी झलाबिया नावाचं पातळ, जाळीदार वॉफल भाजतोय. शेजारच्या आइस्क्रीमवाल्याकडच्या बश्या संपल्या, आणि हमवीने गरम वॉफल गुंडाळून पुढे केलं, अशी गोष्ट. दावेदार आणखी बरेच आहेत. न्यूयॉर्कच्या इटालो मार्कियोनीने तर आइस्क्रीमच्या खाण्याजोग्या कपांच्या साच्याचं पेटंट १९०३ मध्येच मिळवलंय. तुम्ही भांडणात पडू नका. टोकातून गळायच्या आत कोन संपवा.

आता पश्चिमेला फिलिपिन्सच्या भागात चला. अमेरिकेने नुकत्याच ताब्यात घेतलेल्या त्या देशातली हजारावर माणसं आणून इथे वस्त्या उभारल्यात, बघायला. इगोरोत लोकांच्या वस्तीभोवती गर्दी सर्वांत दाट. ते कुत्र्याचं मांस खातात, हे बघायला लोक माना उंचावतायत. त्यांच्याकडे विधीच्या प्रसंगी होणारं ते जेवण इथे खेळासारखं पुन्हापुन्हा करवून घेतलं जातं. कुंपणापलीकडचा माणूस जेवतोय आणि अलीकडचे आइस्क्रीम चाटत नाक मुरडतायत. तुमच्या हातातली पुडी एकदम जड होते.

जेवण तेच असतं. कुणाचं ‘शोध’ म्हणून गाजतं, कुणाचं तमाशा म्हणून. चव त्यात काहीच ठरवत नाही. तोफ कुणाची आणि कुंपण कुणाभोवती, एवढ्यावर सगळं ठरतं.

परतल्यावर कधी तुमच्या शहरातल्या खाद्यमहोत्सवात जाल. एखाद्या स्टॉलवर ‘अस्सल आदिवासी चव’ असा फलक दिसेल. जरूर खा. फक्त ऑर्डर देण्याआधी बघून घ्या, चुलीपाशी कोण बसलंय आणि गल्ल्यावर कोण.