स्वल्पविराम आणि पटवून देण्याचा हक्क

पेशवाईतलं एखादं मोडी पत्र समोर घेतलं तर पहिल्यांदा गोंधळायला होतं. आधी कागदावर आडवी रेघ ओढलेली, मग तिला अक्षरं टांगलेली. शब्द कुठे संपला, वाक्य कुठे संपलं, हे सांगणारी खूण नाही. त्या काळच्या कारकुनाचं मात्र काही अडत नव्हतं. ‘ऐसियास’, ‘तरी’, ‘म्हणोन’, ‘कळावे’ असे ठरलेले शब्दच थांबे दाखवायचे. पोथ्यांमध्ये दंड असे, तोही प्रामुख्याने पद्यासाठी. वाक्याच्या पोटात कुठे आणि किती थांबायचं, याची चिन्हं मराठीत आली ती इंग्रजीच्या वर्गातून.

त्या वर्गात हा विषय मोजूनमापून शिकवला जाई. लिंडले मरे यांच्या १७९५च्या गाजलेल्या इंग्रजी व्याकरणात हिशेब सरळ आहे: स्वल्पविराम सगळ्यात छोटा, अर्धविराम त्याच्या दुप्पट, अपूर्णविराम त्याच्याही दुप्पट, पूर्णविराम आणखी दुप्पट. स्वल्पविराम कुठे द्यावा याचे मग एकापाठोपाठ एक नियम. इकडे दादोबा पांडुरंगांचं मराठी व्याकरण १८३६ साली आलं, आणि मेजर थॉमस कँडी यांनी १८५० साली ‘विरामचिन्हांची परिभाषा’ लिहिली. मोल्सवर्थच्या कोशकार्यातले सहकारी आणि पुढे सरकारी भाषांतरकार असलेल्या कँडींच्या हाताखालून शालेय मराठी जात होती. त्यामुळे ही चिन्हं क्रमिक पुस्तकांतून घरोघर पोचली.

चिन्हांच्या मागोमाग निबंध आला. १८५७ साली मुंबई विद्यापीठ स्थापन झालं आणि इंग्रजी गद्यकारांचं वाचन ही शिकलेल्या तरुणाची ओळख बनली. विष्णुशास्त्री चिपळूणकर १८७२ साली बी.ए. झाले. जॉन्सन आणि मेकॉले हे त्यांचे आवडते लेखक. १८३५च्या टिपणात याच मेकॉलेने पौर्वात्य विद्येला कस्पटासमान लेखलं होतं. त्याचीच लेखनरीत घेऊन विष्णुशास्त्री साहेबाच्या गर्वाला उत्तर द्यायला उभे राहिले. १८७४ ते १८८१ या काळात ‘निबंधमाले’चे ८४ अंक निघाले. प्रतिपक्षाचं म्हणणं आधी मांडायचं, थोडं मान्य केल्यासारखं करायचं आणि मग एकेक मुद्दा खोडत जायचं, ही पद्धत त्यात पानोपानी दिसते. एवढा पसारा एका वाक्यात पेलायचा तर स्वल्पविराम आणि अर्धविराम हवेतच. शाळेत घोटून घेतलेले नियम इथे युक्तिवादाचे सांधे झाले. मराठीला हे मोठंच देणं मिळालं.

पण त्याच ‘निबंधमाले’त या देण्याची दुसरी बाजूही आहे. जोतीराव फुल्यांचं ‘गुलामगिरी’ १८७३ साली प्रसिद्ध झालं. विष्णुशास्त्र्यांनी त्यावर लिहिताना फुल्यांच्या अशुद्ध भाषेची, व्याकरणाची यथेच्छ टर उडवली. ज्याला नीट लिहिता येत नाही त्याचं म्हणणं काय ऐकायचं, असा त्या टीकेचा रोख होता. भाषेतल्या चुका दाखवणं हे टीकाकाराचं कामच. पण इथे त्या चुका आशयाला उत्तर न देण्याची सोय झाल्या.

वास्तविक फुलेही स्कॉटिश मिशनच्या शाळेत इंग्रजी शिकलेले होते. ‘गुलामगिरी’ला त्यांनी इंग्रजी प्रस्तावना जोडली, आणि १८८२ साली हंटर आयोगापुढे इंग्रजीतच निवेदन दिलं. शेतकऱ्याच्या पैशातून वरच्या वर्गांचं उच्चशिक्षण चालतं आणि खेड्यातलं प्राथमिक शिक्षण उपाशी राहतं, हा त्यातला मुद्दा आयोगाला त्याच्याच भाषेत ऐकवलेला होता. मराठीत लिहिताना मात्र त्यांनी निबंधाचा साचा न घेता जोतीराव आणि धोंडिबा यांचा संवाद घेतला. ज्यांना वाचता येत नाही त्यांना कुणीतरी मोठ्याने वाचून दाखवेल, अशा मजकुराला हेच रूप सोयीचं. तिथे विराम बोलण्यातूनच मिळतो.

आणि ‘निबंधमाला’ निघायच्या १९ वर्षं आधी, १८५५ साली, ‘ज्ञानोदया’त एका शाळकरी मुलीचा निबंध छापून आला होता. ती मुक्ता साळवे, फुल्यांच्या शाळेतली विद्यार्थिनी. विषय मांग-महारांचं दुःख. वेद ज्यांना वाचताही येऊ नयेत, त्यांचा धर्म कोणता, हा तिचा प्रश्न कुठल्याही पदवीधराच्या निबंधात शोभला असता. त्याचं उत्तर द्यायला व्याकरण तपासण्याची गरज नव्हती.

आजही शाळेत ‘मत पटवून देणारा निबंध लिहा’ असा प्रश्न येतो आणि उत्तरपत्रिकेत विरामचिन्हांचे गुण कापले जातात. ते कापावेतही; चिन्ह चुकलं तर अर्थ बिघडतो. मात्र लाल शाईने वर्तुळ काढून झाल्यावर त्या मुलाने काय म्हटलंय, तेही वाचायला हवं. विष्णुशास्त्र्यांनी फुल्यांचं पुस्तक वाचताना नेमकं तेवढंच राहून गेलं होतं.