अप्रिय सत्य आणि वैद्याचा धर्म

महाड आणि पोलादपूर या तालुक्यांतील खेड्यांत एखाद्या वडीलधाऱ्या माणसास ‘टाटाला नेलें’ असें कुणी म्हटलें, कीं पुढें विचारण्यासारखें कांहीं उरत नाहीं. इस्पितळाचें नांवच रोगाचें नांव होऊन बसलें आहे. सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी मेहरबाई १९३१ सालीं रक्ताच्या कर्करोगानें वारल्या. त्या दुःखांतून या संस्थेची कल्पना निघाली, आणि २८ फेब्रुवारी १९४१ रोजीं परळ येथें टाटा स्मारक रुग्णालय उघडलें. परळ-लालबागच्या चाळींत कोंकणांतील गिरणीकामगार पिढ्यान्‌पिढ्या राहत आलेले. त्यामुळें हें ठिकाण रायगडच्या माणसास परकें वाटलें नाहीं.

परंतु साऱ्या गांवास उमगलेली गोष्ट ज्याची त्यालाच मात्र कुणी सांगत नाहीं. ‘डॉक्टरसाहेब, आबांना यांतलें कांहीं कळूं देऊं नका,’ असें मुलगा दाराबाहेर हात जोडून विनवितो. अशा वेळीं डॉक्टरानें काय करावें?

हा पेंच आजचा नव्हे. चरकसंहितेच्या इंद्रियस्थानांत मरणसूचक लक्षणांचें सविस्तर विवेचन आहे. त्याच्या अखेरीस वैद्यास बजावलें आहे कीं, मरण समीप दिसलें तरी न विचारतां तें बोलूं नये. आणि विचारलें तरी, त्या बोलण्यानें रोग्यास वा दुसऱ्या कुणास आघात होणार असेल तेथें बोलूं नये. अमेरिकन वैद्यक-सभेनें १८४७ सालीं केलेली आचारसंहिताही फारशी निराळी नव्हती: धोक्याची सूचना आप्तांस द्यावी, पण रोग्याची उमेद खचेल असें वागूं नये. आपल्याकडची लोकरीतही तीच. मुंबईच्या चाकरमान्यास गांवाहून तार जाई, ‘प्रकृति गंभीर, ताबडतोब निघा’. माणूस आधींच गेलेला असे, आणि खरी वार्ता घराच्या पायरीवर कळे.

या मौनांत दया होती, तशी हतबलताही होती. इलाज हातीं आला कीं वैद्याचें बोलणें बदलतें. महाडकडे लाल विंचवाचा दंश असाच भीतीचा विषय होता. बिरवाडीच्या आरोग्य केंद्रांत १९७६ पासून डॉ. हिंमतराव बावस्कर यांनीं त्या विषाचा अभ्यास केला. पुढें प्राझोसिन या औषधानें मृत्यूंचें प्रमाण पुष्कळ घटलें, आणि आप्तांस धीर देण्याजोगें वैद्यापाशीं कांहीं तरी आलें.

कर्करोगाचेंही असेंच झालें. १९६१ सालीं शिकागोच्या एका रुग्णालयांत विचारलें असतां शेंकडा सुमारें ९० डॉक्टरांनीं आपण रोग्यास निदान सहसा सांगत नाहीं, असें उत्तर दिलें. १९७९ सालीं रॉचेस्टर येथें तोच प्रश्न केला, तेव्हां शेंकडा ९७ जणांचा कल सांगण्याकडे होता. शस्त्रक्रियेस आणि किरणोपचारास रोग्याची संमति लागते, आणि न समजतां दिलेली संमति ही संमति नव्हे. आपल्या सर्वोच्च न्यायालयानेंही २००८ सालीं हें तत्त्व उचलून धरलें. भारतीय वैद्यक परिषदेनें तर २००२ सालींच, डॉक्टरानें दुखण्याचें गांभीर्य फुगवूंही नये व कमी करूनही सांगूं नये, असा नियम घातला होता.

प्रश्न उरला तो रीतीचा. टोरांटोचे डॉ. रॉबर्ट बकमन यांनीं १९९२ सालीं यावर ग्रंथ लिहिला. पुढें २००० सालीं त्यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं सहा पायऱ्यांची पद्धत प्रसिद्ध केली: एकांतांत जवळ बसावें; रोग्यास काय ठाऊक आहे तें विचारावें; किती जाणून घ्यावयाचें आहे तेंही विचारावें; मग सोप्या शब्दांत, थोडें थोडें सांगावें; त्याचें दुःख ओसरूं द्यावें; शेवटीं पुढचा मार्ग ठरवावा. यांतील तिसरी पायरी म्हणजे एका परीनें चरकाचाच दंडक. भेद इतकाच कीं, रोगी विचारील याची वाट न पाहतां येथें वैद्यच त्याला विचारण्याची मोकळीक करून देतो.

पोलादपूरच्या डोंगरांतील म्हाताऱ्यासही शेताची वांटणी, कुळस्वामिनीचा नवस, रुसलेल्या भावाची भेट अशीं कामें उरकावयाचीं असतात. परळला उतरतांच तो फाटकावरची पाटी वाचतो. अक्षर येत नसेल तर भोंवतालचे चेहरे वाचतो. मग मुलगा बापापासून लपवितो, बाप मुलापासून लपवितो, आणि एकाच खाटेशीं बसून दोघेही एकटे पडतात. ही वेळ त्यांच्यावर येऊं न देणें, हेंही वैद्याचेंच काम आहे.