लसवाटपातील विषमता आणि महासाथीतील मृत्यू

महासाथीत कोणत्या देशाला लस किती व केव्हा मिळते, यातील तफावतीमुळे देशोदेशींच्या मृत्युदरांत पडणारे अंतर. कोविड-१९ च्या साथीत ते ठळकपणे दिसले. महाराष्ट्राने या तफावतीच्या दोन्ही बाजू पाहिल्या : गरीब देशांसाठी लस तयार होत होती ती पुण्यात, आणि साठा संपल्याने लसीकरण केंद्रे बंद ठेवावी लागली तीही याच राज्यात.

हडपसरची सीरम इन्स्टिट्यूट (स्थापना १९६६) ऑक्सफर्ड–ॲस्ट्राझेनेकाची लस ‘कोविशिल्ड’ या नावाने बनवत होती. गरीब देशांसाठी जागतिक आरोग्य संघटना आणि ‘गावी’ व ‘सेपी’ या आंतरराष्ट्रीय लस-संस्था यांनी उभारलेल्या ‘कोव्हॅक्स’ योजनेची मोठी भिस्त याच कारखान्यावर होती. २४ फेब्रुवारी २०२१ रोजी तिची पहिली खेप घानातील आक्रा येथे उतरली. तीत पुण्याचे ६ लाख डोस होते. पुढच्या महिनाभरात भारतात दुसरी लाट उसळली आणि मार्चअखेर निर्यात थांबली. कोव्हॅक्ससाठी ती पुन्हा सुरू व्हायला नोव्हेंबर उजाडला. दरम्यान विषाणूचा डेल्टा हा प्रकार आफ्रिकेत पसरला, तेव्हा तिथे दोन्ही डोस झालेले लोक शेकडा एक-दोनच होते. ब्रिटनमध्ये निम्म्याहून अधिक प्रौढांचे दोन्ही डोस जूनच्या सुरुवातीलाच पूर्ण झाले होते.

याचा दोष एकट्या भारताच्या माथी मारणे अन्यायाचे आहे. कॅनडासारख्या श्रीमंत देशांनी लस हाती येण्यापूर्वीच लोकसंख्येच्या कित्येक पट डोसांचे करार करून ठेवले होते. पेटंटचे नियम शिथिल करावेत, हा भारत व दक्षिण आफ्रिका यांचा ऑक्टोबर २०२० मधील प्रस्ताव जागतिक व्यापार संघटनेत अडकून पडला. जून २०२२ मध्ये बऱ्याच काटछाटीनंतर निर्णय झाला, तोवर लाटा येऊन गेल्या होत्या.

लस नुसती मिळून भागत नाही, ती वेळेवर मिळावी लागते. कोविशिल्डच्या एका कुपीत १० डोस असत. कुपी उघडली की चार तासांत संपवावी लागे, नाहीतर उरलेले डोस वाया जात. उरण तालुक्यातील मोरा बंदराच्या कोळीवाड्यासारख्या वस्तीत, होड्या समुद्रावर असताना, एका वेळी दहा जण जमवायचे तर आदल्या दिवशी घरोघरी निरोप द्यावा लागे; उद्या लस येणार की नाही हेच ठाऊक नसेल, तर आरोग्यसेविकेने निरोप काय द्यायचा? हीच अडचण मोठ्या प्रमाणावर मलावीत दिसली. आफ्रिकी संघामार्फत मिळालेली लस मार्च २०२१ च्या अखेरीस तिथे पोचली, तेव्हा मुदत संपायला जेमतेम अडीच आठवडे उरले होते. सुमारे २० हजार डोस मे महिन्यात जाहीरपणे जाळावे लागले. अशा देशांवर ‘लस दिली तरी घेत नाहीत’ असा ठपका ठेवला गेला, तो एकांगी होता.

मृत्यूंचा हिशेब काळजीने करावा लागतो. आफ्रिकेतील नोंदलेले मृत्यू कमी दिसतात, कारण तिथली लोकसंख्या तरुण आहे आणि अनेक मृत्यूंची नोंदच होत नाही. नुसत्या आकड्यांवरून लसीविना निभावले असे म्हणता येत नाही. ‘लॅन्सेट इन्फेक्शस डिसीजेस’मधील २०२२ च्या प्रतिमान-अभ्यासानुसार लसीकरणाच्या पहिल्या वर्षात लशींमुळे १८५ देशांत सुमारे १.९८ कोटी मृत्यू टळले. प्रत्येक देशात ४० टक्के लसीकरणाचे उद्दिष्ट २०२१ अखेर गाठले असते, तर आणखी सुमारे ६ लाख जीव वाचले असते. हे मृत्यू प्रामुख्याने गरीब देशांतले आहेत. उलट बाजूही नोंदवायला हवी : हाँगकाँगमध्ये लस मुबलक होती, पण ऐंशीच्या पुढच्या अनेकांनी ती घेतलेली नव्हती; २०२२ च्या सुरुवातीच्या लाटेत तेथील मृत्युदर जगात सर्वाधिकांत गणला गेला. म्हणून देशाला मिळालेल्या एकूण डोसांपेक्षा वृद्धांपर्यंत किती व केव्हा पोचले, हे माप अधिक खरे.

मे २०२५ मध्ये जागतिक आरोग्य सभेने महासाथ करार स्वीकारला. साथीच्या काळात कारखान्यांनी उत्पादनाचा काही भाग जागतिक आरोग्य संघटनेकडे द्यावा, अशी त्यात योजना आहे. तिच्या अटी ठरवणारे परिशिष्ट मात्र पुढील वाटाघाटींवर सोपवण्यात आले.