सातबाऱ्यावर नाव, म्हणजे मालकी झाली का?

जमिनीचं भांडण पेटलं की आपला माणूस आधी तहसील गाठतो. पण मालकी ठरवायचा अधिकार तहसीलदाराला नाहीच. तो जमीन जिथे आहे तिथल्या दिवाणी न्यायालयाचा. सातबारा ही महसुली नोंद. 1966 चा महसूल कायदा ती खरी धरतो, पण उलट सिद्ध होईपर्यंतच.

मराठवाड्यात मात्र एक जुनी गाठ आहे. औरंगाबाद तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात. सप्टेंबर 1948 मध्ये निजामाची सत्ता संपली, 1949 मध्ये जहागिऱ्या गेल्या आणि 1950 मध्ये हैदराबादचा कूळ कायदा आला. दुसऱ्याची जमीन कसणाऱ्या कुळाला संरक्षण मिळालं. 'हा माणूस कूळ आहे का?' हा प्रश्न तहसीलदाराकडे गेला आणि दिवाणी न्यायालयाला त्यातून बाहेर ठेवलं.

मराठवाडा 1956 मध्ये मुंबई राज्यात आला, 1960 मध्ये महाराष्ट्रात. कायदा मात्र सोबत आला. म्हणून आजही संभाजीनगरात मालकीच्या दाव्यात कुळाचा मुद्दा निघाला, की न्यायालय तेवढा प्रश्न तहसीलदाराकडे पाठवतं. उत्तर येईपर्यंत दावा थांबतो.

दार चुकलं की वर्षं जातात. मालकीवरून ताबा मागायला 12 वर्षांची मुदत असते, आणि तुम्ही तहसीलच्या तारखा करताय म्हणून ती थांबेलच असं नाही.

तेव्हा आजोबांचा सातबारा मोबाइलवर उघडलात, तर नुसतं नाव पाहू नका. 'इतर हक्क' हा रकानाही वाचा. तिथे कुळाचं नाव दिसलं, तर वकिलाला पहिला प्रश्न तोच विचारा.