सॉफ्टबॉल : ‘इल्लिगल पिच’ आणि पंचांची कसोटी

सॉफ्टबॉलमध्ये चेंडू अंडरआर्म टाकावा लागतो, एवढे प्रेक्षकांना ठाऊक असते. त्या फेकीवर नियमावलीने आणखी किती बंधने घातली आहेत, हे मात्र पंचाने डावा हात बाजूला ताठ धरून ‘इल्लिगल पिच’ पुकारल्यावरच अनेकांच्या लक्षात येते. जळगाव आणि धुळे जिल्ह्यांत हा खेळ प्रामुख्याने शाळा-महाविद्यालयांच्या मैदानांवर खेळला जातो. तेथे हा नियम किती काटेकोरपणे पाळायचा, हा प्रश्न नियमाच्या पुस्तकापेक्षा पंचाच्या विवेकावर अधिक अवलंबून राहतो.

महिलांच्या सामन्यात पिचर आणि होम प्लेट यांच्यातील अंतर ४३ फूट, म्हणजे १३.११ मीटर असते. पिचरने पिचिंग प्लेटवर उभे राहून क्षणभर स्थिर व्हायचे आणि मागच्या पायाने त्या प्लेटवरूनच रेटा घ्यायचा. पुढे तो पाय जमिनीवरून घासत यावा, अशी पारंपरिक अपेक्षा. काही पिचर मात्र तो पाय उचलून पुढे टेकवतात आणि तेथून दुसरा रेटा घेतात. याला ‘क्रो हॉप’ म्हणतात. त्यामुळे अंतर घटते, वेग वाढतो. ताशी शंभर किलोमीटरने आलेला चेंडू बॅटरपर्यंत अर्ध्या सेकंदाच्या आत पोहोचतो. त्यात फूटभराची चोरीही थोडी नव्हे.

हा दोष दिसणेच अवघड. कॅचरमागचा प्लेट पंच पिचरला समोरून पाहतो; पायाखालची फट खरी दिसते ती बाजूला उभ्या असलेल्या बेस पंचाला. मऊ मातीत घासलेल्या पायाची सलग रेघ उमटते, क्रो हॉप असेल तर ती तुटते. उन्हाने टणक झालेल्या मैदानावर तेवढाही पुरावा उरत नाही. शिवाय पुकारा झाला तरी खेळ लगेच थांबत नाही. बॅटरने फटका मारून पहिला बेस गाठला आणि इतर धावपटूही एकेक बेस पुढे गेले, तर खेळ कायम राहतो. एरवी बॅटरच्या खात्यात एक ‘बॉल’ जमा होतो. काही नियमावल्यांत धावपटूंनाही एक बेस मिळतो.

चौदा वर्षांखालील मुलीला प्रत्येक चेंडूवर अडवले तर सामना पुढे सरकणार कसा, हा सौम्य पंचांचा युक्तिवाद चुकीचा नाही. परंतु शालेय स्पर्धांची वाट जिल्ह्यावरून नाशिक विभागाकडे आणि पुढे राज्याकडे जाते. जिल्ह्यात दुर्लक्षिलेला पाय तेथे एखाद्या कडक पंचाच्या नजरेत भरला, तर अनेक वर्षांत अंगवळणी पडलेली लय तिला ऐन सामन्यात बदलावी लागते. चूक शिकवणाऱ्याची आणि पाहूनही गप्प राहणाऱ्याची. दंड मात्र खेळाडूला. म्हणूनच पुकारायचे तर पहिल्या डावात पुकारावे. सहा डाव मौन पाळून सातव्यात हात उचलणे सर्वांत अन्यायाचे.

अचानक आलेल्या कडकपणाचे परिणाम अमेरिकन बेसबॉलने १९८८ मध्ये अनुभवले. धावपटू बेसवर असताना पिचरने चेंडू टाकण्यापूर्वी घ्यायच्या विरामाची व्याख्या त्या मोसमात कडक झाली आणि पंचांनी ती शब्दशः राबवली. आदल्या वर्षी ३५६ ‘बॉक’ पुकारले गेले होते. त्या वर्षी ९२४. ओकलंडच्या डेव्ह स्टुअर्टच्या नावावर एकट्याच्या १६ लागल्या. पुढच्या मोसमाआधी ती शब्दरचना मागे घेण्यात आली.

क्रिकेटरसिकांना स्टीव्हन फिन आठवेल. २०१२ च्या हेडिंग्ले कसोटीत चेंडू टाकताना त्याचा गुडघा यष्टीला लागला आणि पंच स्टीव्ह डेव्हिस यांनी ‘डेड बॉल’ पुकारला. स्लिपमध्ये झेल देऊनही ग्रॅम स्मिथ वाचला. २०१३ मध्ये नियम बदलून अशा चेंडूला ‘नो बॉल’ ठरवण्यात आले.

सॉफ्टबॉलमध्येही नियम स्थिर नाहीत. दोन्ही पाय हवेत जाणारी ‘लीप’ अलीकडे काही नियमावल्यांनी मान्य केली असली, तरी पाय पुन्हा टेकवून रेटा घेण्याची मुभा त्यांत नाही. त्यामुळे सामना कोणत्या नियमावलीनुसार होणार, हे नाणेफेकीपूर्वीच दोन्ही प्रशिक्षकांनी पंचांकडून स्पष्ट करून घेणे आवश्यक ठरते.