परळीची वीज आणि गच्चीवरचं ऊन



परवा पुण्याहून भाच्याचा फोन. "मावशी, सोलर बसवलंत म्हणे, म्हणजे आता लाइट गेली तरी काळजी नाही!" म्हटलं, बाबा रे, इतकं सोपं असतं तर हे लिहायची वेळच आली नसती.

माझा जन्म १९५२ चा, लातूरकडच्या खेड्यातला. तेव्हा आम्ही हैदराबाद राज्यात होतो, १९५६ ला मुंबई राज्यात गेलो आणि १९६० ला महाराष्ट्रात. घर जागचं हललं नाही आणि राज्यं तीन झाली, कंदील मात्र तोच. त्याची काच राखेनं पुसायची, वात कातरायची हे काम माझं. गंमत म्हणजे, अमेरिकेतल्या बेल लॅबनं सिलिकॉनचा सौर घट जगाला दाखवला तो १९५४ साली. ऊन पडेल त्यातल्या शंभरातले सहा भागच त्यातून विजेत उतरत. मी दोन वर्षांची होते. आमच्याकडे ऊन रगड होतं, पण ते वाळवणापुरतंच.

विद्युत मंडळ १९६० सालीच स्थापन झालं, पण आमच्या गावात खांब यायला माझी मॅट्रिक उजाडली.

मग परळी आलं. १९७१ साली तिथे ३० मेगावॅटचा पहिला संच सुरू झाला, पुढे २१० चे, २५० चे. नांदेडहून लातूरला रेल्वेनं जाताना परळी लागतं. म्हाताऱ्या बायका वैजनाथाला हात जोडत आणि पोरं धुरांडी बघत. आपल्या दारात एवढं मोठं वीजघर, तर अंधार कसला, असं वाटायचं!

पण अंधार आलाच. २००५ साली मंडळाच्या वेगवेगळ्या कंपन्या झाल्या आणि त्याच सुमारास भारनियमनानं कहर केला. मागणी वाढत गेली, नवी वीजनिर्मिती त्या मानानं झाली नाही, दाभोळ तर २००१ पासून बंदच होतं. ‘लाइट कधी जाणार’ याचं वेळापत्रक आम्ही शाळेच्या वेळापत्रकाशेजारी चिकटवत असू. दहावीची मुलं पुन्हा कंदिलाशी. चाळीस वर्षांत आपण फिरून तिथेच आलो की काय, असं वाटे. पिठाच्या गिरणीत डब्यांची रांग लागे ती वेगळीच.

सगळ्यात मनाला लागलं ते २०१३. कोळशाच्या केंद्राला नुसता कोळसा पुरत नाही, वाफेला आणि थंड करायला पाणी लागतं. गोदावरीत पाणी नाही म्हणून त्या फेब्रुवारीत परळीचे सगळे संच बंद करावे लागले, ११३० मेगावॅट! दुष्काळ म्हणजे विहीर आटणं एवढंच आम्हाला ठाऊक होतं, दिवाही आटतो हे तेव्हा कळलं. पुढे एप्रिल २०१६ मध्ये तर लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. सौर पॅनेल मला तेव्हापासून पटलं. त्याला पाणी लागतं ते फक्त अंग पुसण्यापुरतं.

तरी प्रत्यक्ष बसवायला २०२४ ची सरकारी योजना यावी लागली. ३ किलोवॅट, अनुदान ७८,००० रुपये. बिल उतरलं. आम्ही खूश. मग मे महिन्यात वळवाच्या वाऱ्यानं तार तुटली. पाऊस उघडून भर दुपारी लख्ख ऊन पडलेलं, आणि घरात पंखा बंद! ह्यांना दमा आहे, नेब्युलायझर हातात धरून बसलेले. बसवणाऱ्याला फोनवर नको नको ते बोलले मी. ही गोष्ट विकताना त्यानं सांगितलीच नव्हती.

मग त्यानं समजावलं. लाइन बंद असताना आपलं छत तारेत वीज सोडत राहिलं, तर खांबावर चढलेल्या वायरमनला झटका बसेल. म्हणून लाइन गेली की असं यंत्र आपोआप थांबतं. माझा राग तिथेच उतरला. खांबावरचा माणूसही कुणाच्या तरी घरचाच ना.

भारनियमनाच्या काळापासून घेतलेली इन्व्हर्टरची सवय मग कामी आली. बॅटरी १५० अँपिअर-तासाची, १२ व्होल्टची, म्हणजे कागदावर १८०० वॅट-तास. निम्मीच वापरायची, नाहीतर लवकर मरते. दोन पंखे १५०, चार एलईडी ३६, म्हणजे सुमारे चार तास. (बी.ए. मराठीवालीला हे गणित जमलं, याचं ह्यांना फार कौतुक!) तिच्यासाठी गच्चीवर १०० वॅटची दोन वेगळी पॅनेलं लावली, मधे चार्ज कंट्रोलर. त्या लाइनवर मिक्सर, इस्त्री, फ्रीज काही नाही. धाकट्या दिरानं चहाची किटली लावली होती, त्याला उठवून लावलं.

गेल्या आठवड्यात रात्री सव्वादोन तास लाइट नव्हती. नेब्युलायझर चालला, ह्यांना झोपही लागली.

असो. बॅटरीत पाणी घालायची तारीख कालच उलटून गेली आहे, तेव्हा उठते.